एक पाटा जास्त

“शाम्याच्या गाडीले जे शॉकअप लावले, तेच माह्या गाडीले लावा. त्याच्याहून चांगले भेटत असतीन तं ते लावा. पण त्याच्याहून हलके नोको.”

नामदेवराव माझ्या गॅरेजच्या दारात उभे होते. गाडी अजून आत घेतली नव्हती, इंजिनही बंद केलं नव्हतं. नमस्कार नाही, चहा नाही, थेट मागणी.

मी म्हणालो, “आधी गाडी तर पाहू द्या.”

“माह्या गाडीत काय पाहता? पाहाचं तं त्याच्या गाडीत पाहा.”

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. नागपुरात कामठी रोडवर, इंदोऱ्याच्या थोडं पुढे, माझं गॅरेज होतं. त्याआधी मी एका सरकारी वर्कशॉपात फोरमन होतो. नोकरी सोडली तरी हुद्दा काही सुटला नाही, सगळे मला ‘फोरमन’च म्हणायचे. नामदेवराव आणि त्यांचा धाकटा भाऊ शामराव कामठीचे. दोघांकडे एकेक पिकअप, एकाच कंपनीची, मागेपुढे घेतलेली. नामदेवराव नागपूरच्या रेल्वे मालधक्क्यावरून सुताच्या गाठी उचलायचे आणि कामठीच्या पॉवरलूमवाल्यांना पोचवायचे. शामराव उलट्या दिशेनं तयार कापड सीताबर्डीच्या दुकानांत आणून टाकायचा. धंदा त्यांच्या वडिलांनी सुरू केलेला. त्यांनी याच रस्त्यावर बैलबंडीतून सूत वाहिलं होतं.

आधी दोन्ही भाऊ माझ्याकडेच यायचे. मग शामराव यायचा बंद झाला. तो सुधाकरकडे जाऊ लागला.

सुधाकरबद्दल थोडं सांगायला हवं. वर्कशॉपात तो माझ्या हाताखाली होता. ब्रेक लायनर कसं बसवायचं, बेअरिंगचा आवाज कानानं कसा ओळखायचा, हे त्याला मी शिकवलं. मी गॅरेज टाकल्यावर काही दिवसांनी त्यानंही टाकलं, त्याच रस्त्यावर, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या पाटीवर निळी मोटार रंगवलेली होती. गिऱ्हाइकाला बसायला गादीचं बाकडं होतं, उन्हाळ्यात थंडगार सोडा मिळायचा. माझ्याकडे एक स्टूल होतं, तेही बहुतेक वेळा जॅकखाली असायचं. शामरावची पिकअप माझ्या दारावरून जायची आणि पुढे सुधाकरच्या दारात वळायची. हातातलं काम सोडून मी बघायचो. बघायचं नाही असं रोज ठरवायचो.

म्हणून नामदेवराव जेव्हा “शाम्याच्या गाडीले जे लावले” म्हणाले, तेव्हा ते सुधाकरनं लावलेल्या शॉकअपबद्दल बोलत होते, हे मला लगेच समजलं. आणि लगेच लागलं.

शॉकअप म्हणजे शॉक अब्सॉर्बर. लोकांना वाटतं, गाडीचा धक्का हा झेलतो. तसं नाही. धक्का झेलते कमान. पिकअपला मागे लोखंडी पाट्यांची कमान असते, एकावर एक रचलेले वाकडे पाटे. खड्डा आला की कमान दबते आणि पुन्हा वर येते. तिला मोकळं सोडलं तर ती वरखाली होतच राहते, गाडी झुलत राहते. ते झुलणं थांबवायला शॉकअप. तेल भरलेली नळी आणि तिच्यात सरकणारा दांडा. तेल बारीक भोकातून जाताना अडतं, म्हणून कमानीची उसळी मोडते. एवढंच त्याचं काम. कडक कमानीला तो मऊ करू शकत नाही.

गाडी आत घेतली. मी मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. चांगला शॉकअप असेल तर गाडी एकदा वर येते आणि थांबते. ही डोलत राहिली. खाली वाकलो तर नळीवर तेल पाझरून धूळ चिकटलेली. चारही गेलेले होते.

“बदलायलाच पाहिजेत,” मी म्हणालो. “पण तुम्हाला बसणारे धक्के नुसत्या यानं जाणार नाहीत. तुमच्या कमानीत एक पाटा जास्तीचा आहे.”

तो पाटा त्यांनीच मागच्या वर्षी टाकून घेतला होता. जास्त गाठी भरता याव्यात म्हणून.

“पाट्याले हात नोका लावू,” ते म्हणाले. “तो पाटा आहे म्हणून माह्या गाडीत शाम्यापेक्षा जास्त माल बसते.”

“मग धक्के बसणारच.”

“मले बसू द्या ना. मले काय होते? बाबाले नाई बसले पाह्यजे.”

मग चहा सांगितला आणि खरी गोष्ट बाहेर आली.

वडील थकले होते. कंबर धरली होती. डॉक्टरनं धक्के टाळायला सांगितलं होतं. पण रोज सकाळी नागपूरला आल्याशिवाय म्हाताऱ्याला चैन पडायचं नाही. सीताबर्डीला एका कापडवाल्याच्या ओट्यावर जुने सोबती जमायचे, तिथे दुपारपर्यंत बसायचं आणि परतायचं. दोन मुलं, दोन गाड्या, दोघंही सकाळी नागपूरलाच निघणार. वडील रोज शामरावच्या गाडीत बसायचे. जातानाही आणि येतानाही.

“एकाच आंगणातून दोन गाड्या निघते,” नामदेवराव म्हणाले. “मी दार उघडून उभा राह्यतो. बाबा माह्या समोरून जाते अन् त्याच्या गाडीत बसते. मोहल्ल्यातले लोक पाहून राह्यते. परवा एकानं इचारलं, काहून गा नामदेव, बाप नाराज आहे काय तुह्यावर? काय सांगू मी त्याले?”

“बाबाजींना विचारलं का?”

“इचारलं. म्हणते, शामच्या गाडीत पाळण्यात बसल्यावानी वाटते. पाळण्यात!” त्यांनी कपबशी खाली आपटली. “मी थोरला. धंदा मी वाढवला. अन् पाळणा त्याचा.”

मी त्यांना समजावायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं. सुधाकरनं असं काय लावलं असेल? कुठून आणलं असेल? त्याला मुंबईच्या एखाद्या व्यापाऱ्याकडून मिलिटरीतला जुना माल मिळतो असं कुणीतरी बोललं होतं. मला का नाही मिळाला?

दुसऱ्या दिवशी मी सीताबर्डीला गेलो. बहाणा स्पेअर पार्ट आणायचा. शामरावची पिकअप एका दुकानाच्या गल्लीत उभी होती, हमाल कापडाचे तागे उतरवत होते. शामराव आत हिशेबाला गेला असावा. मी रुमाल पसरला, गुडघे टेकले आणि मागच्या चाकाशी डोकं घातलं.

“काका, काही पडलं काय?”

शामराव मागे उभा होता. पस्तिशीचा, हसरा माणूस. माझं तोंड उतरलं असणार. चाळिशी ओलांडलेला, स्वतःचं गॅरेज असलेला माणूस भर बाजारात दुसऱ्याच्या गाडीखाली पालथा पडलेला.

मी खरं तेच सांगितलं. “तुमचे शॉकअप पाहतोय. तुमच्या दादांना असेच हवेत.”

त्यानं दुकानाकडे एकदा वळून पाहिलं. मग म्हणाला, “पाहा ना मग. मी हमालाले जरा थांबवतो.”

मी नीट पाहिलं. कंपनीचेच शॉकअप. साधे, नेहमीचे, कुठल्याही दुकानात मिळणारे. मिलिटरीचे नाहीत, मुंबईचे नाहीत. मला हायसं वाटलं. मग मी खोट शोधू लागलो. रबरी बुश नवे होते. नट बरोबर आवळलेले. वॉशर योग्य बाजूला. आवळून झाल्यावर प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ मारलेली, म्हणजे नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. ती रेघ मारायला मीच सुधाकरला शिकवलं होतं. त्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती, याचं मला जेवढं वाईट वाटलं तेवढं स्वतःच्या चुकीचंही कधी वाटलं नसेल.

उठलो. गुडघे झाडले. शामराव म्हणाला, “दादाले काहून पाह्यजे माह्यासारखे?”

“बाबाजी तुमच्या गाडीत बसतात म्हणून.”

तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “दादाले तेवढंच दिसते. बाबानं धंदा कोणाच्या हाती देल्ला? गिऱ्हाईक कोणाले देल्ले? मालधक्क्यावर माणसं मले वळखत नाई काका, नामदेवचा भाऊ म्हणते. बाबा माह्या गाडीत बसते, खरं आहे. अन् रस्ताभर इचारते काय? नामाची गाडी निघाली काय? नामाले माल भेटला काय? मी त्याईले घेऊन जातो, अन् ते दादाच्याच गाडीत बसून राह्यते.”

दोन भाऊ एकमेकांवर जळत होते आणि दोघांनाही वाटत होतं, आपणच एकटे जळतोय. आणि मी? मला काय बोलायचा अधिकार होता?

पण निघताना एक गोष्ट लक्षात आली. अर्धे तागे उतरले तशी शामरावची गाडी मागून चांगली वर आली होती. म्हणजे सकाळी कामठीहून निघताना ती भरलेली असते. आणि नामदेवरावची? ती सकाळी रिकामी येते, गाठी भरायला. परतताना भरलेली जाते.

भरलेल्या गाडीत धक्का कमी बसतो, हे कुठलाही ड्रायव्हर सांगेल. कमान वजनासाठी बनवलेली असते. वजन असलं की ती बसते, दबते, खड्डा पोटात घेते. रिकामी असली की ताठ राहते आणि मागून लाथ मारल्यासारखी उडवते. त्यात नामदेवरावांच्या कमानीत पाटा जास्तीचा. म्हाताऱ्याची कंबर खोटं बोलत नव्हती. आणि पाळणा सुधाकरचा नव्हता, कापडाच्या ताग्यांचा होता. हे समजल्यावर मी सीताबर्डीहून गॅरेजपर्यंत शीळ घालत आलो.

नामदेवराव संध्याकाळी आले. मी सगळं सांगितलं. शॉकअप साधेच आहेत. फरक वजनाचा आहे.

त्यांना पटलं नाही. “सुधाकर मिस्त्रीनं तुम्हाले फसवलं. वरून साधं दाखवलं असन, आत काही टाकलं असन.”

“आत तेल असतं. दुसरं काही टाकता येत नाही.”

“मग उपाय काय?”

“दोन आहेत. एक, पाटा काढा आणि साधे शॉकअप लावा. दुसरा तर फुकटचा. सकाळी बाबाजींना शामरावबरोबर जाऊ द्या, दुपारी तुमच्यासोबत आणा. दुपारी तुमची गाडी भरलेली असते. पाळणाच होईल.”

“दुपारी काय उपेग?” ते ताडकन् म्हणाले. “दुपारी मोहल्ल्यात कोण राह्यते पाहाले? सकाळी बसले पाह्यजे. सगळ्याईसमोर.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच स्पेअर पार्टच्या दुकानात गेले आणि हेवी ड्यूटी शॉकअपचा जोड घेऊन आले. नळी माझ्या मनगटापेक्षा जाड. काळा चमकदार रंग.

“हे पाहा. शाम्याचे याच्यासमोर काडीवानी दिसते.”

मी म्हणालो, “हे गिट्टी-खडी वाहणाऱ्या गाडीचे आहेत. यांना सतत वजन लागतं. रिकाम्या गाडीत हे आणखी ताठ होतील.”

“महाग आहे. कंपनी मूर्ख आहे काय, ताठ वस्तू महाग विकाले?”

“वस्तू वाईट नाही. तुमच्या कामाची नाही.”

“लावता का सुधाकर मिस्त्रीकडं जाऊ?”

ते नाव त्यांनी घ्यायला नको होतं. गादीच्या बाकड्यावर सोडा पीत बसलेले नामदेवराव मला समोर दिसले. मी पाना उचलला. पण बजावलं, “आज नुसते बसवतो. उद्या रिकामी आणि भरलेली, दोन्ही चालवून पाहू. तोपर्यंत बाबाजींना बसवू नका.”

“हाव, हाव,” ते म्हणाले.

सकाळी मी गॅरेज उघडत होतो तेव्हा नामदेवरावांची पिकअप आली. शेजारची सीट रिकामी होती. ते खाली उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत बसले.

“काय झालं?”

मग सगळं सांगितलं. त्यांना राहवलं नव्हतं. सकाळी वडिलांचा हात धरून गाडीत बसवलं. नवे शॉकअप लावले, आता पाहा, असं आंगणात मोठ्यानं सांगितलं. शेजारीपाजारी पाहत होते. म्हातारा बसला. कामठी सुटेपर्यंत दात आवळून होता. मग एकेका खड्ड्याला ‘अगा माय’ म्हणू लागला. पिली नदीच्या पुलाजवळ म्हणाला, थांबव.

“मले वाटलं, लघवीले जायचं असन,” नामदेवराव म्हणाले. “उतरले. रस्त्याच्या कडेले हात दाखवून उभे राहिले. मांगून शाम्याची गाडी आली. त्याच्यात बसले. माह्या डोळ्यासमोरून गेले, फोरमन. शाम्यानं माह्याकडं पाह्यलं. हसला नाई. हसला असता तं बरं झालं असतं.”

मी चहा सांगितला. त्यांनी घेतला नाही.

गाडी आत घेतली. मी त्यांना खाली बसवलं आणि पहिल्यांदाच, गिऱ्हाइकाला नव्हे तर नव्या फिटरला दाखवावं तसं, एकेक दाखवलं. दोन चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलच्या वर, गाडीच्या सांगाड्याला म्हणजे चेसीला, एक रबरी ठोकळा असतो. कमान फार दबली तर ॲक्सल त्या रबरावर टेकतो. रिकाम्या गाडीत दोघांत किती जागा असावी याचं माप असतं. त्यांच्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त जागा होती. म्हणजे रिकामी गाडी कमानीवर बसतच नव्हती, नुसती टांगलेली होती. वर पाटा उचलतोय, खाली जाड शॉकअप अडवतोय. मध्ये म्हाताऱ्याची कंबर.

“पाटा काढला तं गाठी कमी बसतीन,” ते म्हणाले.

“हो.”

“मालधक्क्यावरचा माल मागं राहीन.”

“राहील. कुणाला तरी द्यावा लागेल.”

कुणाला, ते मी बोललो नाही. नागपूरहून कामठीला रिकामी परतणारी एकच गाडी घरात होती. शामरावची.

नामदेवराव जुन्या टायरवर बसले. बराच वेळ हातातली बिडी नुसतीच फिरवत होते.

“म्हणजे माल त्याले द्याचा,” ते म्हणाले, “तवा बाबा मले भेटतीन.”

“बाबाजी भेटतील की नाही ते मला सांगता येत नाही. धक्के कमी होतील एवढं सांगतो.”

“त्याले मालधक्क्यावर नेऊन माणसाईची वळख करून द्या लागन.”

“लागेल.”

बाहेरून एक पिकअप गेली. आम्ही दोघांनीही मान वर करून पाहिलं. शामरावची नव्हती.

“काढा पाटा,” नामदेवराव म्हणाले.

काम दिवसभराचं होतं. पाटा नुसता ओढून निघत नाही. गाडी लोखंडी टेकूंवर, आमच्या भाषेत घोड्यांवर, घ्यायची, कमान ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सोडायचे, कमान उतरवायची. सगळे पाटे मधोमध एका बोल्टनं शिवलेले असतात. पाटा कमी झाला की तो बोल्ट लांब पडतो, आखूड बोल्ट टाकावा लागतो. खूप जण तिथे आळस करतात आणि मग बोल्टची शेपटी खाली घासत राहते. मी आखूड बोल्ट टाकला. पाटे घासून ग्रीस लावलं. चारही साधे शॉकअप बसवले, कंपनीचेच, शामरावच्या गाडीत होते तसेच. नटांवर पांढरी रेघ मारली. गाठी भरून एक खेप मारली आणि यू-बोल्ट पुन्हा आवळले. वजन पडल्यावर ते थोडे सैलावतात. मग रिकामी चालवली. पिली नदीच्या पुलावर गाडी एकदा वर आली आणि शांत बसली.

हेवी ड्यूटीवाले एका गिट्टीवाल्यानं नेले. त्याच्या गाडीला ते अगदी बरोबर बसले.

दोनतीन दिवसांनी, सकाळी, नामदेवरावांनी गाडी दारात थांबवली. या वेळी शेजारी वडील होते. खांद्यावर उपरणं, हातात काठी, चेहरा सावध.

“या फोरमन, बसा,” नामदेवराव म्हणाले. “आवाज-बिवाज येते का पाहा.”

आवाज येत नव्हता, मला माहीत होतं. त्यांना साक्षीदार पाहिजे होता. मी म्हाताऱ्याच्या पलीकडे, दाराशी बसलो. सीताबर्डीपर्यंतचा रस्ता. गाडी रिकामी. खड्डे होतेच, गाडी ते घेत होती आणि सोडून देत होती. म्हाताऱ्यानं हळूहळू काठीवरची मूठ सैल केली.

“कसं वाटून राह्यलं बाबा?”

“बरं वाटून राह्यलं.”

“शाम्याच्या गाडीवानीच ना?”

म्हाताऱ्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली.

“आता त्याच्या गाडीत काही जास्त नाई. तेच शॉकअप आहे. फोरमननं सोता पाह्यले. अन् तो चालवते कसा, तुमाले मालूम आहे. परवा सिग्नलजवळ त्यानं…”

“नामा,” म्हातारा म्हणाला.

“…ब्रेक असा मारला, का मांगचा सायकलवाला…”

“नामा, गाडी बाजूले घे.”

नामदेवरावांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना वाटलं, बाबा आजही उतरणार. मलाही तसंच वाटलं. मी दाराच्या कडीवर हात ठेवला. गाडी थांबली.

म्हातारा उतरला नाही. समोर रस्त्याकडे पाहत बोलला. “या रस्त्यानं मी बंडी हाकली. जोडीतला एक बैल दुसऱ्याकडं पाहत चालला, का जू तिरपं होते. जू तिरपं झालं का हाकणाऱ्याची कंबर जाते. त्याच्या गाडीत बसलो का तो तुह्याबद्दल बोलते. तुह्या गाडीत बसलो का तू त्याच्याबद्दल. शॉकअप कशाले लावून राह्यला रे बाबू, तोंडाले लाव.”

मी बाहेर पाहिलं. अशा वेळी दाराशी बसलेल्या माणसानं बाहेरच पाहायचं असतं.

“मंग तुमी त्याच्याच गाडीत काहून बसता?” नामदेवराव म्हणाले. आवाज लहान पोरासारखा झाला होता. “तोही बोलते ना?”

“तो हळू बोलते. गाडीच्या आवाजात आयकू येत नाई.”

नामदेवरावांना हसू आलं की रडू, मला समजलं नाही. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं.

“गाडी चांगली झाली,” म्हातारा म्हणाला. “खरंच चांगली झाली. चाल आता.”

सीताबर्डीला गाडी थांबल्यावर म्हाताऱ्यानं माझा हात धरून पाय खाली टेकला आणि मागे न पाहता म्हणाला, “नामा, दुपारी मी तुह्यासंगं येतो. गाठी भरल्यावर ये. घाई नाई.”

पुढे काय झालं? वडील सकाळी बहुतेक शामरावबरोबरच जायचे आणि दुपारी नामदेवरावबरोबर परतायचे. म्हणजे मी पहिल्यांदा सांगितलेला फुकटचा उपाय. त्यासाठी पाटा काढायची गरज नव्हती, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. उरलेल्या गाठी शामराव नेऊ लागला. मालधक्क्यावर नामदेवरावांनी त्याची ओळख करून दिली, पण ‘माहा लहान भाऊ’ एवढंच सांगितलं, नाव काही सांगितलं नाही, असं शामराव म्हणायचा. भाऊ सुधारले असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. भांडण कमी ऐकू यायचं, एवढं खरं.

शामराव शेवटपर्यंत सुधाकरकडेच जात राहिला. मीही गिऱ्हाइकांसाठी बाकडं आणलं, गादीसकट. काही फरक पडला नाही. त्याची गाडी दारावरून गेली की मी अजूनही पाहायचो, आणि पाहून झालं की हातातलं काम जरा जास्त नीट करायचो.

नव्या मेकॅनिकला मी एवढंच सांगेन. गिऱ्हाईक ‘त्याच्यासारखं करा’ म्हणालं, तर आधी दोन्ही गाड्या कोणत्या वेळी रिकाम्या असतात ते विचारा. पार्ट त्यानंतर निवडा.